पेशीची समीकरणे आणि पेशीची जाळी : मुक्तस्रोत जीवशास्त्रीय सॉफ्टवेअरची जडणघडण

सजीव पेशीत एकाच वेळी हजारो रासायनिक अभिक्रिया चालू असतात, त्यांतील प्रत्येकीला दुसरी कोणती तरी अभिक्रिया चेतवत किंवा रोखत असते, आणि म्हणून एखादे प्रथिन सुटे काढून कितीही बारकाईने तपासले तरी पेशी एकंदरीने कशी वागेल हे त्यावरून सांगता येत नाही. ही अडचण विसाव्या शतकाच्या मध्यापासून संशोधकांना जाणवू लागली होती आणि तिच्यातून बाहेर पडण्यासाठी दोन वाटा पडल्या. पहिली वाट गणिताची : पेशीतील द्रव्यांचे प्रमाण वेळेनुसार कसे बदलते हे समीकरणांत मांडायचे, ती समीकरणे सोडवायची आणि आलेले उत्तर प्रयोगाशी ताडून पाहायचे, अशा समीकरणसंचाला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. दुसरी वाट चित्राची : जनुके आणि प्रथिने बिंदूंनी दाखवायची, त्यांच्यातील संबंध रेषांनी जोडायचे आणि तयार झालेल्या जाळ्याच्या घडणीवरून पेशीच्या कारभाराचा अंदाज बांधायचा. या दोन्ही कामांसाठी आज जगभर वापरली जाणारी अनेक प्रमुख साधने मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांचा सोर्स कोड, अर्थात आज्ञावलीचा मूळ मजकूर, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे वाटता येतो. या साधनांचा इतिहास बहुधा एकेका सॉफ्टवेअरची यशोगाथा म्हणून सांगितला जातो. परंतु कालक्रमाने पाहिले असता त्यातील टिकाऊ कमाई सॉफ्टवेअरपेक्षा त्यांच्या कर्त्यांनी आपसांत केलेल्या करारांची आहे असे दिसते.

गणिताची वाट संगणकापेक्षा जुनी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ब्रिटन चान्स यांनी १९४३ साली पेरॉक्सिडेज या विकराच्या कार्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकर म्हणजे पेशीतील अभिक्रियांचा वेग वाढवणारे प्रथिन. विकर आणि त्याच्याशी जोडले जाणारे द्रव्य यांच्यातील क्षणोक्षणी बदलणारे प्रमाण सांगणारी विकलक समीकरणे कागदावर सुटण्यासारखी नव्हती, म्हणून ती चाके आणि दांडे फिरवून उत्तर काढणाऱ्या यांत्रिक विश्लेषकावर सोडवली गेली. १९५२ साली केंब्रिजच्या ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकूल या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूतून विद्युतस्पंद कसा पुढे सरकतो याचे गणित मांडले, आणि त्या वेळी विद्यापीठाचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी बंद असल्यामुळे हक्सली यांनी हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर त्या समीकरणांची उत्तरे काढली. डेनिस नोबल यांनी १९६० साली तीच पद्धत हृदयाच्या स्नायूंना लावली, पण ती फेरांटी मर्क्युरी या खऱ्या संगणकावर. त्याच दशकात डेव्हिड गारफिंकल यांनी चयापचयाच्या, म्हणजे अन्नाचे ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या अभिक्रियांच्या, लांबलचक साखळ्या संगणकावर चालवून दाखवल्या. या सर्व कामांत एक गोष्ट समान होती : यंत्राला दिलेल्या सूचना त्या त्या प्रयोगशाळेपुरत्या होत्या आणि बाहेरच्या वाचकाच्या हाती केवळ छापील समीकरणे येत असत.

वैयक्तिक संगणक आल्यावर या स्थितीत पहिला मोठा फरक पडला. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे काम करणाऱ्या पेद्रो मेंडेस यांनी १९९३ साली 'गेपासी' या सॉफ्टवेअरची माहिती प्रसिद्ध केली, ज्यात वापरणाऱ्याने फक्त अभिक्रिया लिहायच्या आणि त्यांवरून समीकरणे तयार करण्याचे काम यंत्राने करायचे अशी सोय होती. गणिताची भीती असलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञालाही त्यामुळे प्रतिमान चालवून पाहता येऊ लागले. गेपासी विनाशुल्क मिळत असे, आणि येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा, कारण या संपूर्ण इतिहासात तो वारंवार पुढे येतो : विनाशुल्क मिळणारे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असतेच असे नाही. पैसे न देता वापरता येणाऱ्या पण आतून पाहता न येणाऱ्या साधनाने उत्तर दिले, तर ते उत्तर कसे काढले गेले याची तपासणी करण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे राहत नाही, आणि विज्ञानाच्या दृष्टीने हा अधिकार पैशापेक्षा मोलाचा आहे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अशी साधने बरीच झाली. जपानमध्ये केइओ विद्यापीठातील मासारू तोमिता यांच्या गटाने 'ई-सेल' उभारले आणि त्यावर १२७ जनुकांच्या एका काल्पनिक पेशीचे प्रतिमान चालवले. अमेरिकेत कनेक्टिकट येथे पेशीतील द्रव्ये जागेनुसार कशी पसरतात याचाही विचार करणारे 'व्हर्च्युअल सेल' तयार झाले. केंब्रिजमध्ये थोड्या रेणूंच्या यदृच्छ टकरींचा हिशेब ठेवणारे 'स्टॉकसिम' होते. हर्बर्ट सॉरो यांचे 'जार्नॅक' होते. प्रत्येकाचे बलस्थान वेगळे असल्याने एकच प्रतिमान दोनतीन साधनांत चालवून पाहणे हे शहाणपणाचे झाले असते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरची फाइल लिहिण्याची रीत निराळी होती, आणि एका साधनातील प्रतिमान दुसऱ्यात न्यायचे म्हणजे लेखातील समीकरणे पुन्हा पहिल्यापासून टंकित करावी लागत. छापील लेखात एखादे चिन्ह उलटे पडलेले असे, एखाद्या स्थिरांकाचे एकक दिलेले नसे, कधी एखादे समीकरणच गाळलेले असे. परिणामी दुसऱ्याचे प्रतिमान चालत नसेल तर चूक मूळ लेखकाची, मुद्रकाची की आपली, हे ठरवण्यात आठवडे जात.

या कोंडीवरचा उपाय एप्रिल २००० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे, म्हणजे कॅलटेकमध्ये, भरलेल्या एका कार्यशाळेतून निघाला. जपान सरकारच्या 'इराटो' या संशोधन योजनेखाली हिरोआकी किटानो यांनी चालवलेल्या प्रकल्पाचा तिला आधार होता, तर कॅलटेकच्या बाजूने नियंत्रणशास्त्राचे अभ्यासक जॉन डॉइल त्यात होते. सुरुवातीचा विचार वेगवेगळ्या साधनांना एकमेकांशी बोलते करणारी एक मध्यस्थ चौकट बांधण्याचा होता, आणि ती चौकट 'सिस्टिम्स बायॉलॉजी वर्कबेंच' या नावाने बांधलीही गेली. परंतु चर्चेत लवकरच असे लक्षात आले की साधनांच्या कर्त्यांना त्याहून अधिक निकडीची गरज एका समाईक फाइल-भाषेची आहे. मायकेल हुका, अँड्र्यू फिनी, हर्बर्ट सॉरो आणि हमीद बोलुरी यांनी हे काम अंगावर घेतले आणि मार्च २००१ मध्ये 'सिस्टिम्स बायॉलॉजी मार्कअप लँग्वेज', म्हणजे एसबीएमएल, या भाषेची पहिली पातळी निश्चित झाली. तिचे सविस्तर वर्णन करणारा लेख २००३ साली 'बायोइन्फर्मॅटिक्स' या नियतकालिकात आला. बायोस्पाइस, डीबीसॉल्व्ह, ई-सेल, गेपासी, जार्नॅक, स्टॉकसिम आणि व्हर्च्युअल सेल या सात साधनांचे कर्ते या आखणीत सामील होते, आणि एरवी एकमेकांचे स्पर्धक ठरले असते असे हे लोक एका टेबलाभोवती बसले ही घटना त्या भाषेच्या कोणत्याही तांत्रिक वैशिष्ट्याइतकीच महत्त्वाची आहे.

एसबीएमएलची रचना एका उदाहरणावरून समजते. पेशीत ग्लुकोज शिरल्यावर हेक्सोकायनेज हे विकर एटीपी या ऊर्जावाहक रेणूचा एक फॉस्फेट गट त्याला जोडते आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट तयार होते. ही एकच अभिक्रिया एसबीएमएलमध्ये लिहायची तर प्रथम ती जेथे घडते तो कप्पा, म्हणजे पेशीद्रव, त्याच्या आकारमानासह नोंदवावा लागतो. मग त्या कप्प्यातील द्रव्ये आणि प्रत्येकाचे आरंभीचे प्रमाण. त्यानंतर कोणती द्रव्ये खर्ची पडतात व कोणती निर्माण होतात हे सांगणारी अभिक्रिया. आणि अखेरीस तिचा वेग ठरवणारे सूत्र व त्यातील स्थिरांक. समीकरणे कोणत्या रीतीने सोडवावीत याबद्दल या फाइलमध्ये जाणीवपूर्वक काहीही लिहिलेले नसते. काय घडते एवढेच फाइलने सांगायचे आणि ते कसे मोजायचे हे साधनावर सोडायचे, या संयमामुळे सात साधनांना तिच्यावर एकमत करता आले. सोडवण्याच्या पद्धतीचा आग्रह धरला गेला असता तर हा करार पहिल्याच बैठकीत मोडला असता.

पहिल्या पातळीत वेगाची सूत्रे साध्या मजकुराच्या ओळींत लिहिली जात. २००३ मधील दुसऱ्या पातळीने त्यांच्या जागी गणिती चिन्हांसाठी आधीच प्रमाणित झालेली मॅथएमएल ही भाषा स्वीकारली, आणि २०१० मधील तिसऱ्या पातळीने एक मध्यवर्ती गाभा ठेवून बाकीच्या गरजांसाठी स्वतंत्र पुरवण्या जोडण्याची सोय केली. भाषा वाचण्या-लिहिण्याचे किचकट काम प्रत्येक कर्त्याने नव्याने करावे लागू नये म्हणून 'लिबएसबीएमएल' नावाचा मुक्तस्रोत आज्ञासंग्रह तयार केला गेला, आणि या भाषेच्या प्रसाराचे बरेचसे श्रेय त्याला द्यावे लागेल, कारण एखादे प्रमाण कागदावर कितीही निर्दोष असले तरी ते पाळणे कष्टाचे असेल तर कोणी पाळत नाही. पुढे अडीचशेहून अधिक साधने ही भाषा समजू लागली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात याच सुमारास 'सेलएमएल' ही समांतर भाषा घडली. तिचा कल रासायनिक अभिक्रियांपेक्षा गणिती समीकरणे जशीच्या तशी जपण्याकडे होता, त्यामुळे हृदयाच्या विद्युतक्रियेसारख्या विषयांत ती रुळली.

समाईक भाषा आल्यावर समाईक कोठार शक्य झाले. इंग्लंडमधील हिंक्स्टन येथील युरोपीय बायोइन्फर्मॅटिक्स संस्थेत निकोला ल नोव्हेर यांच्या पुढाकाराने एप्रिल २००५ मध्ये 'बायोमॉडेल्स' हे भांडार सुरू झाले. प्रसिद्ध झालेल्या लेखातील प्रतिमान एसबीएमएलमध्ये उतरवायचे, ते चालवून लेखातील आलेख पुन्हा मिळतो का हे पाहायचे, प्रत्येक द्रव्याला सर्वमान्य सूचीतील ओळखक्रमांक जोडायचा आणि मगच ते तपासलेले म्हणून जाहीर करायचे, असे त्याच्या संपादकांचे काम होते. याच वर्षी प्रतिमानासोबत किमान कोणती माहिती असावी याचे 'मिरियम' नावाचे नियम प्रसिद्ध झाले. जुन्या पोथ्यांचे पाठभेद तपासून शुद्ध संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाचे आणि या मंडळींचे काम जातीने एकच आहे, आणि अशा कामाच्या वाट्याला येणारी उपेक्षाही तशीच आहे : नवे प्रतिमान रचणाऱ्याचे नाव होते, जुने नीट करून ठेवणाऱ्याचे फारसे होत नाही.

चित्राच्या वाटेचा उगम भिंतीवरच्या तक्त्यांत आहे. लीड्स विद्यापीठातील डोनाल्ड निकोल्सन यांनी १९५५ साली विद्यार्थ्यांसाठी चयापचयाच्या तेव्हा माहीत असलेल्या मार्गांचा एक तक्ता काढला, तो पुढे आवृत्तीमागून आवृत्ती वाढत गेला आणि जगभरच्या जीवरसायन विभागांच्या भिंतींवर लागला. हे तक्ते माणसाने विचारपूर्वक मांडलेले होते, त्यामुळे ते सुवाच्य होते. परंतु त्यांवर स्वतःच्या प्रयोगातील आकडे चढवता येत नसत आणि नवा शोध लागला की पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागे. शतकाच्या अखेरीस माहितीचा वेगच इतका वाढला की हाताने मांडणी करणे अशक्य झाले. स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये यीस्टच्या पेशीत दोन प्रथिने एकमेकांना चिकटतात की नाही हे ओळखण्याची युक्ती शोधली होती, आणि २००० सालापर्यंत तीच युक्ती हजारो प्रथिनांवर एकदम वापरली जाऊ लागली.

त्या वर्षी बेनो श्विकोव्स्की, पीटर उट्झ आणि फील्ड्स यांनी यीस्टमधील तोवर प्रसिद्ध झालेल्या २,७०९ प्रथिन-आंतरक्रिया एकत्र केल्या, तेव्हा त्यांतील २,३५८ आंतरक्रिया आणि १,५४८ प्रथिने मिळून एकच सलग जाळे तयार होते असे आढळले. हे अनपेक्षित होते, कारण निरनिराळ्या प्रयोगशाळांनी निरनिराळ्या हेतूंनी गोळा केलेली ती माहिती होती. आणि त्याहून उपयोगाची गोष्ट अशी की कार्य माहीत नसलेल्या प्रथिनाच्या शेजाऱ्यांवरून त्याच्या कार्याचा अंदाज बांधता येत होता. प्रश्न उरला तो हे जाळे डोळ्यांना दिसावे कसे हा. पीटर ईड्स यांनी १९८४ साली सुचवलेल्या पद्धतीत जोडलेल्या बिंदूंमध्ये स्प्रिंगा आहेत आणि न जोडलेले बिंदू एकमेकांना दूर लोटत आहेत अशी कल्पना करून सगळी रचना स्थिरावेपर्यंत बिंदू हलवले जातात. १९९१ मध्ये फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी तिच्यात सुधारणा केली. या पद्धतीने पन्नाससाठ बिंदूंचे जाळे सुरेख उलगडते, पण हजारो बिंदू आले की पडद्यावर उरते ती गुंतवळ, आणि तिच्यातून काही वाचता येत नाही. लुब्लियाना येथे १९९६ पासून घडलेले 'पायेक' आणि एटी अँड टीच्या प्रयोगशाळांतील 'ग्राफव्हिझ' अशी जाळी काढणारी साधने उपलब्ध होती. तथापि प्रयोगशाळेतील मोजमापे जाळ्यावर चढवून त्यातील जिवंत भाग वेगळा काढावा, हा त्यांचा उद्देश नव्हता.

सिअॅटल येथे लिरॉय हूड यांनी सहकाऱ्यांसह २००० साली स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सिस्टिम्स बायॉलॉजी या संस्थेत ही निकड एका विशिष्ट प्रयोगातून पुढे आली. ट्रे आयडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्ट गॅलॅक्टोज ही साखर कशी वापरते याचा अभ्यास करताना त्या मार्गात वीस प्रकारे ठरवून बिघाड घडवले आणि प्रत्येक वेळी सर्व जनुकांची सक्रियता मोजली. २००१ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात ९९७ जनुकांच्या आरएनएमध्ये बदल झाल्याची नोंद आहे. इतके आकडे कोष्टकात वाचून बोध होणार नव्हता. ते आंतरक्रियांच्या जाळ्यावर चढवले, वाढलेल्या जनुकांना एक रंग आणि घटलेल्यांना दुसरा दिला, तरच बिघाडाचा परिणाम शेजाऱ्यांमार्फत कसा पसरला हे दिसणार होते. या गरजेपोटी लिहिलेले 'सायटोस्केप' हे सॉफ्टवेअर जुलै २००२ मध्ये प्रथम लोकांसमोर आले, मार्च २००३ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, आणि पॉल शॅनन प्रमुख लेखक असलेला त्याचा परिचय-लेख त्याच वर्षी 'जीनोम रिसर्च'मध्ये आला. यीस्टच्या गॅलॅक्टोज मार्गाची ती माहिती नमुना म्हणून सायटोस्केपसोबत पुढे अनेक वर्षे दिली जात राहिली, त्यामुळे जगभरच्या असंख्य विद्यार्थ्यांनी पाहिलेले पहिले जैविक जाळे तेच आहे.

सायटोस्केपच्या रचनेतील दोन निर्णय दूरगामी ठरले. पहिला निर्णय फाइलच्या साधेपणाचा : एका ओळीत पहिला घटक, संबंधाचा प्रकार आणि दुसरा घटक असे तीन शब्द लिहिले की जाळ्यातील एक रेषा झाली, आणि ही फाइल कोणत्याही साध्या संपादकात लिहिता येत असल्याने संगणकशास्त्र न शिकलेल्या प्रयोगकर्त्यालाही ती हाताळता येई. दुसरा निर्णय असा की गाभ्यात जाळे साठवणे, काढणे आणि गुणधर्मांनुसार रंग-आकार देणे एवढेच ठेवायचे आणि विश्लेषणाच्या पद्धती प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडता येणारे सुटे भाग, म्हणून कोणालाही लिहू द्यायच्या. पहिल्याच लेखात अशा चार उपयोगांचे वर्णन आहे : जनुकांच्या सक्रियतेतील बदलांशी जुळणाऱ्या वाटा शोधणे, डीएनएला इजा झाल्यावर पेशी सावरताना कामी येणाऱ्या प्रथिनसंकुलांचा अभ्यास, हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाचे एकत्रित जाळे, आणि जनुक-नियमनाच्या तपशीलवार गणिती प्रतिमानांशी जोडणी. या चौथ्या उपयोगात समीकरणांची आणि चित्रांची वाट एकत्र आलेली दिसते. तिसऱ्या उपयोगाशी संबंधित नितीन बालिगा हे त्या लेखाच्या लेखकांपैकी एक. गोवा विद्यापीठात सागरी जैवतंत्रज्ञान शिकून अमेरिकेत गेलेल्या या संशोधकाने मिठागरांसारख्या अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांवर दीर्घकाळ काम केले आहे.

पुढील काही वर्षांत जाळ्यातील दाट वस्त्या ओळखणारे 'एमकोड', एखाद्या जनुकसमूहात कोणते कार्य अपेक्षेपेक्षा अधिक आढळते हे सांगणारे 'बिंगो', आणि अशीच इतर शेकडो प्लगइने निघाली. सॅन डिएगो आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठे, टोरांटो विद्यापीठ, न्यूयॉर्कचे स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्र, पॅरिसची पाश्चर संस्था आणि ॲजिलेंट ही कंपनी अशा निरनिराळ्या संस्था विकासात सहभागी झाल्या. कंपनी आणि विद्यापीठे एकत्र नांदू शकली याचे कारण परवान्यात आहे. सायटोस्केपसाठी निवडलेला एलजीपीएल हा परवाना असे सांगतो की गाभ्यात केलेले बदल वाटायचे असतील तर ते खुलेच वाटावे लागतील, परंतु गाभ्याला जोडलेला स्वतंत्र भाग बंद ठेवण्याची मुभा राहील.

या खुलेपणाला सुरुवातीला एक उणीव होती आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. आरंभीच्या आवृत्त्यांमध्ये जाळ्याची मांडणी करण्यासाठी एका जर्मन कंपनीच्या मालकीच्या, सोर्स कोड बंद असलेल्या 'वायफाइल्स' या आज्ञासंग्रहाचा आधार घेतलेला होता. त्याचे परिणाम सुंदर होते, पण चित्र जसे दिसते तसे का दिसते याचा मागोवा तेवढ्या भागापुरता घेता येत नसे. कालांतराने गाभ्यात खुल्या मांडण्या आल्या आणि वायफाइल्सच्या मांडण्या ज्याला हव्या त्याने वेगळ्या जोडून घ्याव्यात अशी व्यवस्था झाली. प्रतिमानांच्या क्षेत्रात याला समांतर प्रवास 'कोपासी'चा आहे. गेपासीचा वारस म्हणून मेंडेस यांचा व्हर्जिनियातील गट आणि उर्सुला कुमर यांचा हायडेलबर्गमधील गट यांनी मिळून घडवलेले हे साधन सुरुवातीला केवळ शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य होते; नंतर ते 'आर्टिस्टिक लायसन्स'च्या दुसऱ्या आवृत्तीखाली सर्वांना खुले झाले. उलट किटानो यांच्याच गटाने केलेले 'सेलडिझायनर' विनाशुल्क असूनही बंद राहिले, आणि तरीही एसबीएमएल बोलत असल्यामुळे त्यात काढलेले प्रतिमान बाहेर नेता येत होते. फाइलचा करार मजबूत असेल तर एखादे बंद साधनही वापरणाऱ्याला कोंडून ठेवू शकत नाही, हे येथे सप्रमाण दिसते.

सायटोस्केपची दुसरी मालिका मे २०१२ मधील २.८.३ या आवृत्तीशी संपली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिसरी मालिका सुरू झाली. दहा वर्षांत वाढलेल्या गाभ्याचे भाग एकमेकांत इतके अडकले होते की एक प्लगइन दुसऱ्याला बिघडवत असे. म्हणून गाभा स्वतंत्र कप्प्यांत नव्याने बांधण्यात आला. त्याची किंमत मोठी होती, कारण जुनी प्लगइने नव्या गाभ्यावर चालत नव्हती आणि ती लिहिणारे कित्येक जण पीएचडी संपवून दुसऱ्या कामांना लागलेले विद्यार्थी होते. सोर्स कोड खुला असल्याने दुसऱ्या कोणाला ती दुरुस्त करता येणे शक्य होते. शक्य असणे आणि कोणी तरी वेळ काढून ते करणे यांत मात्र अंतर आहे, आणि मुक्तस्रोताच्या पुरस्कर्त्यांनी या अंतराचा पुरेसा विचार क्वचितच केलेला आहे. वेब पानांत जाळी दाखवण्यासाठी २०१० साली आलेल्या 'सायटोस्केप वेब'चा पाया फ्लॅश होता. फ्लॅशची सद्दी संपत आल्यावर टोरांटोमधील मॅक्स फ्रँझ आणि सहकाऱ्यांनी जावास्क्रिप्टमध्ये 'सायटोस्केप डॉट जेएस' हे साधन नव्याने लिहिले, आणि आता ते जीवशास्त्राबाहेरच्या जाळ्यांसाठीही वापरले जाते.

भारताचा या इतिहासातील सहभाग वापरापुरता मर्यादित नाही. चेतापेशींच्या प्रतिमानांसाठी कॅलटेकमध्ये जेम्स बॉवर यांच्या प्रयोगशाळेत 'जेनेसिस' घडत असताना तेथे विद्यार्थी असलेले उपिंदर भल्ला त्याच्या प्रमुख कर्त्यांपैकी होते. १९९९ साली त्यांनी रवी अय्यंगार यांच्यासह पेशीतील संदेशवहनाचे अनेक मार्ग एकत्र जोडले की सुट्या मार्गांत नसलेले गुणधर्म, उदाहरणार्थ क्षणिक संदेशाची दीर्घकाळ टिकणारी नोंद, कसे निर्माण होतात हे गणिताने दाखवले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्यांच्या गटाने अशा प्रतिमानांचे भांडार उभारले आणि रेणूपासून चेतापेशींच्या जाळ्यापर्यंतच्या पातळ्या एकत्र हाताळणारे 'मूस' हे मुक्तस्रोत साधन विकसित केले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये समीर ब्रह्मचारी यांच्या नेतृत्वाखाली सुरू केलेल्या मुक्तस्रोत औषधशोध प्रकल्पाने ही कल्पना सॉफ्टवेअरच्या पलीकडे नेली. क्षयरोगाच्या जंतूच्या जनुकांविषयी विखुरलेले वाङ्मय देशभरच्या विद्यार्थ्यांनी वाचून नोंदवले आणि त्यातून त्या जंतूच्या प्रथिन-आंतरक्रियांचे जाळे उभे केले गेले. ज्या रोगाच्या औषधांत मोठ्या कंपन्यांना नफा दिसत नाही, तेथे माहितीचे खुलेपण ही चैन मानता येणार नाही.

प्रतिमानांचा आवाका दरम्यान वाढत होता. २०१२ साली स्टॅनफर्डमधील मार्कस कोव्हर्ट यांच्या गटाने मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या अतिसूक्ष्म जीवाच्या सर्व ज्ञात जनुकांना सामावणारे पूर्ण पेशीचे प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यात २८ उपप्रतिमाने होती आणि त्याचा कोड लेखकांनी खुला केला होता. तरी तो चालवण्यासाठी मॅटलॅब हे विकतचे सॉफ्टवेअर लागे. अनेक देशांतील तरुण संशोधकांनी २०१५ मध्ये रोस्टॉक येथे एकत्र येऊन हे प्रतिमान एसबीएमएलसारख्या प्रमाण भाषांत उतरवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या भाषांच्याही मर्यादा उघड झाल्या, कारण इतके भिन्न गणित एकाच प्रतिमानात येईल अशी कल्पना त्यांच्या आखणीत नव्हती.

या सर्व उभारणीची सर्वांत कठोर परीक्षा तिच्याच संपादकांनी घेतली. बायोमॉडेल्सशी संबंधित अभ्यासकांनी प्रसिद्ध लेखांतील ४५५ प्रतिमाने केवळ लेखात दिलेल्या माहितीच्या आधारे पुन्हा चालवून पाहिली आणि २०२१ साली आपला निष्कर्ष 'मॉलिक्युलर सिस्टिम्स बायॉलॉजी'मध्ये मांडला : जवळजवळ ४९ टक्के प्रतिमाने थेट चालली नाहीत. कुठे स्थिरांकांच्या किमती दिलेल्या नव्हत्या, कुठे आरंभीची प्रमाणे गाळलेली होती, कुठे समीकरणाची रचनाच आलेखाशी विसंगत होती. अनुभवी संपादकांनी चुका ओळखून दुरुस्त केल्यावर किंवा मूळ लेखकांशी संपर्क साधल्यावर आणखी सुमारे १२ टक्के प्रतिमाने मार्गी लागली. अभ्यासकांनी लेखक, परीक्षक आणि नियतकालिकांसाठी आठ मुद्द्यांची एक तपासणी-सूची सुचवली आहे, आणि भांडारातील प्रतिमाने कोणत्याही अटीविना वापरण्यास खुली असल्याने, संपादकांनी कष्टाने दुरुस्त केलेली फाइल आज कोणताही विद्यार्थी उतरवून घेऊन त्याच दिवशी कोपासीत चालवून पाहू शकतो.